जाईची उन्हाची डबी

वैशाख सरत आला की भोरात सकाळ फार वेळ टिकत नाही. कोवळं ऊन म्हणून दारात बसावं, तर तासाभरात तेच ऊन पाठीला चटका देऊन माणसाला उठवतं. त्या दिवशी जगननं एस.टी. स्टँडामागच्या टपरीची फळी उघडली तेव्हा नीरेकडनं जरा गार वारा येत होता. एकदा गेला की दिवसभर परत यायचा नाही, हे माहीत असल्यानं तो भराभरा कामाला लागला.

चार्जिंगला लावलेल्या सात बॅटऱ्या आधणातल्या भातासारख्या बुडबुडत होत्या. त्यानं एकेकीची बुचं काढली, काचेच्या नळीनं आतलं अ‍ॅसिड ओढून नळीतला तरंगता काटा बघितला, भरलेल्या बॅटरीवर खडूनं फुली मारली. मग चिनी मातीच्या बरणीत नवं अ‍ॅसिड पातळ करायला घेतलं. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही. उलटं केलं की तोंडावर उडतं. पुण्यात एका बॅटरीवाल्याकडं बारा वर्षं राबून तो हे शिकला होता, आणि शिकल्याची खूण म्हणून डाव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे डाग घेऊन आला होता.

जगन आंबवड्याच्या बौद्धवस्तीतला. ज्यांच्या ओसरीखाली उभं राहून त्याची आई ओंजळीनं पाणी प्यायली, त्यांच्याच ट्रकांच्या बॅटऱ्या आता त्याच्या हातचं पाणी पीत होत्या. ट्रकवाला मानसिंग तर येता-जाता म्हणायचा, "जगन्या, तुझ्या हातचं पानी माझ्या बॅटरीला लई मानवतं बघ."

"मानवायचंच की," जगन म्हणायचा. "ती इचारत न्हाई कुनाच्या हातचं म्हनून."

यावर दोघंही हसायचे. हसून झालं की मानसिंग कपाळाचा घाम पुसत समोरच्या हॉटेलात पाणी प्यायला जायचा, आणि जगन आपला माठ झाकून ठेवायचा.

पण त्या सकाळी बरणी भरून झाल्यावर त्यानं गिऱ्हाइकाची एकही बॅटरी पुढं ओढली नाही. फळीवरनं तपकिरीची एक चपटी पत्र्याची डबी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उन्हात मांडीवर घेऊन बसला. आणीबाणी उठून दोन-तीन महिने झाले होते. मृग लागायला वीस दिवस होते. आणि मृगाच्या आत ही डबी वेल्ह्याच्या पल्याड, त्याच्या बहिणीच्या हातात पोचायला पाहिजे होती.

बहीण म्हणजे जाईबाई. जगनहून आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा जाईची वेणी घालण्यापासून भाकरी थापायला शिकवण्यापर्यंत सगळं जगननंच केलं. वेणी वाकडी व्हायची, भाकरी फाटायची, पण पोरगी वाढली. पुढं तिला वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीत दिली. एस.टी. वेल्ह्यापर्यंत जायची, तिथनं कानंदी नदी ओलांडून तीन कोस डोंगराच्या कडंकडंनं चालायचं. नवरा सोनबा, सासू अंबूबाई, दोन खाचरं, एक म्हैस. माणसं बरी होती.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि जाईला मोठा ताप आला. ताप उतरला तो कान घेऊनच. त्यात दिवस गेलेले. पोर झाली, तिचं नाव फुला ठेवलं, आणि आईला तिचं रडणं ऐकू येईना. अंबूबाई तोंडानं फाटकी. ती म्हणायची, "आमची म्हस बी हाक मारल्यावर मान वळीवती. ही बया न्हाई वळीवत." पण पोर रडली की म्हातारीच धावत जाऊन सुनेच्या पदरात आणून घालायची.

जगननं जाईला पुण्याला कानाच्या डॉक्टरकडं नेली. तिथनं कानाचं यंत्र मिळालं. काड्याच्या पेटीएवढा डबा पोलक्यात ठेवायचा, त्याची वायर कानापर्यंत. पहिल्यांदा लावलं तेव्हा जाई दचकली आणि म्हणाली, "दादा, माझा आवाज येवढा भसाडा हाय व्हय? आन् तुमी समद्यांनी आजवर सोसला?"

जगन हसता हसता रडला.

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, आतल्या शिरा वाळत चालल्यात. एक वर्ष, फार तर दीड. जे ऐकायचं ते तिला एवढ्यात ऐकून घेऊ दे. पुढं ढोल वाजवला तरी पोचणार नाही.

जगननं हे जाईला सांगितलं नाही. तरी तिला कळलं असावं, कारण गाडीत परतताना ती पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "लवकर बोलाया लाग गं बाई. आजीवानी रिकामं बोल, पन बोल."

अडचण होती ती सेलची. यंत्रात पेन्सिलीएवढा एक सेल लागायचा आणि आठवड्यात तो संपायचा. उन्हाळ्यात सोनबा वेल्ह्याच्या बाजाराहून आणायचा. पावसात कानंदी फुगली की वाडी तीन महिने जगातनं उठायची. मागल्या पावसाळ्याला जगननं डझनभर सेल आधीच नेऊन दिले होते. पण ती हवाच अशी, की मिठाचं पाणी व्हावं आणि काड्याच्या पेटीला मोड यावेत. महिन्यात सेलांना पांढरं सुटलं, फुगले, गेले. जाईला पावसाळ्यापुरती आपल्याकडं भोरात आणून ठेवावी म्हणावं, तर भाताच्या लावणीला घरची बाई नसून कसं चालेल? हे सोनबानं म्हणायच्या आधी जाईच म्हणाली, "लावनी टाकून भावाच्या दारात बसू? लोक शेन घालतील तोंडात."

पोर आता सव्वा वर्षाची झाली होती. ओठ हलवायला लागली होती. येत्या पावसाळ्यात ती बोलणार, आणि डॉक्टरांनी दिलेलं वर्ष-दीड वर्ष त्याच पावसाळ्यात सरणार.

अशात एका शनिवारी कामथडीचे आनंदराव टपरीवर आले. पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत ते सामान सांभाळायला होते. सुट्टीला गावी येताना आपला रेडिओ जगनकडं दाखवायचे. त्यांनी रुमालातनं चार तुकडे काढून फळीवर ठेवले. पापडाहून पातळ, निळसर काळे, वर चांदीच्या बारीक रेघा.

"फुटका माल आहे. टाकूनच देणार होते, मी मागून घेतला. यावर ऊन पडलं की वीज होते."

जगननं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू ते दगडाला दूध सुटतं म्हणत होते. मग मीटरच्या दोन तारा लावल्या. काटा उठला. हात आडवा धरला, काटा बसला. हात काढला, उठला. जगन किती वेळ तेच करत राहिला.

"येड लागलं का रे?" आनंदराव म्हणाले.

"व्हय," जगन म्हणाला.

पुढच्या बुधवारी तो पुण्याच्या जुन्या बाजारात गेला. लष्करातनं मोडीत निघालेल्या वायरलेसमधला एक सेल शोधून आणला. तो रिकामा झाला की फेकायचा नाही, पुन्हा भरायचा, अशा जातीचा. तुकडे एकापुढं एक जोडले. उजेड गेल्यावर सेलातली वीज उलटी वाहून जाऊ नये म्हणून मध्ये एक चिमटभर भाग बसवला, जो तिला एकाच वाटेनं जाऊ देतो. हे सगळं तपकिरीच्या डबीत मावलं. वर तुकडे, त्यावर काच, खाली सेल. फटी त्यानं बॅटरीच्या डांबरानं बुजवल्या. पाणी शिरायला जागा ठेवली नाही.

आनंदरावांनी पुढच्या शनिवारी डबी उलटीसुलटी करून बघितली. "कसब आहे तुझ्या हातात. पण एक ऐक. दोन्ही एका जागी नको. वरचा माल उन्हाचा आहे आणि खालचा सावलीचा. सेल तापला की मरतो. तुकडे बाहेर ठेव, सेल घरात, मध्ये दहा हात वायर."

"लावनी करनारी बाई दहा हात वायर घिऊन चिखलात हिंडंल व्हय, राव? म्हस अडकंल तिच्यात." जगननं डबी परत घेतली. "इरल्यावर बांधायची हाय ही. पावसाचं इरलं पाठीवर, इरल्यावर डबी, तिथनं वायर पोलक्यात. बाई वाकून रोप लावती तवा तिची पाठ आभाळाकडंच असती."

आनंदराव रेडिओ काखेत मारून निघाले. ते गेल्यावर जगनला स्वतःचंच बोलणं फार आवडलं. टपरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डबी दाखवायला लागला. मोठ्या बॅटऱ्यांचं काम करता करता आपण एक इवलीशी वस्तू केली, जिच्यात शेत पण आहे आणि कणगी पण आहे, याची त्याला धुंदी चढली होती. ढगाळ दिवस आला की तो डबी बाहेर ठेवायचा आणि मीटर लावायचा. ढगातनंसुद्धा काटा थोडा हलायचा. त्यानं हिशेब बांधला: दिवसभर उजेड खाल्ला तर यंत्र दोन तास चालेल. दोन तास पुष्कळ झाले. पण ते भोरचे ढग होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मृगाच्या चार दिवस आधी तो वाडीला गेला. जाईच्या कानात यंत्र अडकवलं, वायर डबीला जोडली.

"काय आयकू येतं?"

"अंबूआत्या मला शिव्या देतीय," जाई म्हणाली.

"आयकू आलं गं बया," अंबूबाई म्हणाली. "आता चोरून द्याव्या लागतील."

जगननं तिला नीट समजावलं. दोनच तास लावायचं, पोर जागी असताना. बाकी वेळ बंद. डबी रोज बाहेर काढायची, काच पुसायची, तोंड आभाळाकडं. "आन् दम गेल्यावानी वाटलं की घाबरायचं न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्हा भरंल ती."

"कशानं भरंल?"

"उन्हानं."

"आन् ऊन नसलं तर?"

"ढगातनं बी येतंय की थोडं थोडं," जगन म्हणाला, आणि जेवायला बसला.

मग पाऊस लागला. त्या साली जगन पावसावर नुसता नजर ठेवून बसला. भोरात घटकाभर उघडीप झाली की त्याला वाटायचं, जाईची डबी भरली. पोर एव्हाना काय म्हणत असेल? मामा म्हणत असेल का? मानसिंगनं विचारलं, "काय रं, बहिनीचं येंत्र चाललंय का?" तर जगन जणू कालच बघून आल्यासारखा म्हणायचा, "एकदम झ्याक." आषाढ गेला, श्रावण गेला. वेल्ह्याकडनं आलेला माणूस म्हणायचा, पल्याडची वाट बंद आहे, धुकं हातभर पुढचं दिसू देत नाही. जगन ते ऐकायचा आणि बॅटऱ्यांना पाणी घालायचा. हातभर पुढचं दिसत नाही म्हणजे काय, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो भादव्यात. एकदा शिरल्यावर मात्र निघेना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला. पिशवीत चार नवे सेल आणि पोरीसाठी झबलं. कानंदीला मांडीएवढं पाणी होतं. खाचरांत भात पिवळं पडत आलं होतं, आणि डोंगरावरनं अजून पाणी झिरपत होतं.

जाई अंगणात बसून कुळीथ निवडत होती. पाठमोरी. जगननं वाटेवरनंच हाक दिली, "जाये!"

ती वळली नाही.

फुला ओट्यावरनं उतरली. दुडुदुडु आईपाशी गेली आणि तिच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. मग तिची हनुवटी धरून तोंड वाटेकडं फिरवलं. एक शब्द बोलली नाही. जाईनं भावाला बघितलं आणि सूप बाजूला ठेवून उठली.

"दादा," ती म्हणाली. आवाज फार मोठा निघाला. तिला ते कळलं नाही.

अंबूबाई आतनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. एरवीसारखं एकही वाकडं बोलली नाही, तेव्हा जगननं तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला. तिनंच सगळं सांगितलं, खाली बघत.

"मृगाला बारा-तेरा दिस लई ग्वाड चाललं बग. मंग धुकं बसलं. दिसा दिवा लावावा असं. डबी इरल्यावर बांधून हिंडली, दारात ठिवली, पार कौलावर ठिवली. दम धरंना. ही मला म्हनली, आत्या, सेल मेला तर चुलीच्या उबीला ठिवत्यात, परत एक रात चालतो. दादानं लहानपनी शिकिवलंय. म्हनलं, ठिव मंग. तुझ्या भावाला कळतंय समदं."

चुलीवर कामट्यांची ताटी टांगलेली होती. त्या मुलखात पावसाळ्यात ओलं सरपण, सुकट, भिजलेलं घोंगडं, बियाणं, सगळं तिच्यावरच वाळवतात. ऊन नसलं तर चूल हेच त्यांचं ऊन. अंबूबाईनं ताटीवरनं डबी काढून दिली. काच काजळीनं काळी झाली होती. डांबर वितळून तुकड्यांवर ओघळलं होतं. सेलाचं बूड फुगून फाटलं होतं आणि त्यातनं मीठ फुटावं तसं पांढरं आलं होतं.

लहानपणी त्यानंच शिकवलं होतं, हे खरं. आंबवड्याला बापाच्या विजेरीचे मेलेले सेल ते दोघं चुलीच्या कडेला ओळीनं मांडायचे, आणि घटकाभरानं विजेरी पेटली की जाई टाळ्या वाजवायची. ते सेल निराळे, हा निराळा. पण हे तिला कोण सांगणार होतं? आनंदरावांनी ज्याला सांगितलं होतं, त्यानं ते ऐकलं नव्हतं. सेल वेगळा असता तर ताटीवर नुसता सेलच गेला असता. तुकडे शाबूत राहिले असते, आणि मध्ये कधी उघडीप पडली असेल तेव्हा यंत्र नुसत्या उन्हावरच चाललं असतं. निदान उजेड आणि ऊब यातला फरक तिला सांगायला तासभर बसायला हवं होतं. त्याऐवजी आपण जेवायला बसलो.

त्यानं पिशवीतला नवा सेल यंत्रात घातला. यंत्र जाईच्या कानाला लावलं. चक्री सरकवत सरकवत शेवटापर्यंत नेली. यंत्र एवढं कोकललं की म्हैस कान टवकारून बघायला लागली. जाई जगनच्या तोंडाकडं बघत होती. जरा वेळानं तिनं मान हलवली आणि वायर कानातनं हळूच काढली. मोडकी वस्तू नव्हे, कुणाची तरी ठेव परत करावी तशी गुंडाळून त्याच्या हातात ठेवली.

"गौरीपतुर नुसत्या कानाला थोडं थोडं घुमायचं," ती म्हणाली. "मंग ते बी ऱ्हायलं."

जगनला तिच्याकडं बघवेना. जाईनंच त्याचा हात धरून खाली बसवलं.

"डबी माझ्या हातनं गेली न्हवं?"

त्यानं जोरात मान हलवली. बोटांनी पाऊस पडल्याचं दाखवलं, धुकं दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिला पहिलं कळलं, दुसरं कळलं, तिसरं तिनं कळून घेतलं नाही.

"मी तीन शब्द आयकले, दादा. मम म्हनली. माऊ म्हनली. आन् भूर म्हनली, ह्ये म्हस घिऊन निगालं तवा." ती बोटं मोजत होती आणि आवाज अंगणभर होत होता. मग एकदम बारीक झाला. "आये न्हाई म्हनली तवा. आता म्हनती का रं? मला आये म्हनती का?"

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि घाईनं आत गेली. तेवढ्यात फुलाला ठेच लागली. अंगणातल्या मुळीला अडखळून पडली, उठली आणि रडत, "आये, आये," करत आजीच्या मागं घरात पळाली. हाक मारल्यावर ओ देतं, ते माणूस तिची आई. पोरीला तेवढंच ठाऊक होतं.

जाईनं पोरीचे ओठ हललेले बघितले होते. ती जगनकडं बघत राहिली.

जगननं मान डोलावली. व्हय. म्हणती. मग पुन्हा डोलावली, कारण एकदा डोलावून ती समाधान पावल्यासारखी दिसली नाही. त्यानं फुलासारखे ओठ करून "आये" म्हणून दाखवलं, आणि बोट जाईकडं केलं.

जाई हसली. तिला खरं वाटलं का, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं कुळथाचं सूप ओढून पुढ्यात घेतलं.

सोनबा तिन्हीसांजेच्या आत शेतावरनं आला. पाव्हण्याला बघून म्हणाला, "तुमी काय कमी केलं न्हाई, पाव्हनं."

"तसं म्हनू नका, दाजी," जगन म्हणाला.

भोरला परतल्यावर त्यानं ती डबी कुणाला दाखवली नाही. आनंदराव आले तेव्हा त्यांनीही विचारलं नाही. जगनचं तोंड बघून रेडिओ ठेवला आणि चालते झाले. पुढं लोकांनी त्याला पुष्कळदा सांगितलं, तसली उन्हावरची वस्तू पुन्हा कर, मोठी कर, नाव होईल. तो म्हणायचा, "मला बॅटरीचं काम येतं. तेवढंच करतो." वर्षातनं चारदा मात्र तो वाडीला जायचा. गेला की फुलाला समोर बसवून, आईच्या तोंडासमोर ओठ कसे मोठे हलवायचे, ते शिकवायचा. पोर हुशार होती. हळूहळू आईला आई म्हणायला लागली. ती म्हणायची नुसत्या ओठांनी, आवाज न काढता, कारण आवाजाची तिथं गरज नव्हती.

त्या दसऱ्यानंतर तो वाडीहून परतला, त्याच्या दुसऱ्या सकाळी टपरीपुढं मानसिंगचा ट्रक उभा होता. रात्रीत बॅटरी बसली होती.

"कधीचा उबा हाय. बहीन बरी का?"

"बरी हाय," जगन म्हणाला.

त्यानं ट्रकाची बॅटरी दोन्ही हातांनी उतरवून फळीवर घेतली. टोकांवर हिरवं-पांढरं चढलं होतं. बादलीत सोड्याचं पाणी कालवलं, जुना ब्रश बुडवला आणि टोकं घासायला बसला.